नगरपालिकेची जुनी इमारत बिल्डरला लीजवर देतायत, करायचं काय? वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं बरीचशी एकाच विषयावरची निघाली. इमारत जुनी, मालक नगरपरिषद नाहीतर महापालिका, आणि ती कुणा खासगी माणसाला भाडेपट्ट्याने द्यायचं घाटतंय. म्हणून गच्ची गळतीचे आणि सोसायटीच्या पार्किंगचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. लिहिणाऱ्यांची नावं, गावं मुद्दाम गाळलीत, लहान गावात पत्र कुणी धाडलं ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळतं.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषदेची दगडी इमारत आहे, इंग्रजांच्या काळातली. खाली वाचनालय होतं, वर सभागृह. नवीन इमारत झाल्यावर ऑफिस तिकडे गेलं, वाचनालय दोन खोल्यांत कोंबलं आणि ही कुलूप लावून पडलीय. आता सभेत ऐनवेळचा विषय म्हणून ठराव घेतला की पुण्याच्या एका बिल्डरला ३० वर्षांसाठी द्यायची, तो हेरिटेज हॉटेल आणि कॅफे करणार म्हणे. गावात दोन तट पडलेत, एक म्हणतो विकून खाल्ली, दुसरा म्हणतो नाहीतरी पडणारच होती. आम्ही कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धं अर्धं. विकलेली नाहीये, भाडेपट्ट्यात मालकी नगरपरिषदेकडेच राहते, फक्त वापरायचा हक्क ठरलेल्या मुदतीपुरता जातो. पण ३० वर्षं म्हणजे किती ते बघा, आज पहिलीत असलेलं पोरगं तोवर पस्तिशी ओलांडेल आणि ठरावाला हात वर करणारे नगरसेवक कुठे असतील कुणास ठाऊक.

कायद्याचं आधी उरकतो. नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा आहे, त्याचं कलम ९२ काढून वाचा. नगरपरिषद स्वतःच्या ठरावावर तीन वर्षांपर्यंतच जागा भाडेपट्ट्याने देऊ शकते आणि त्यातही घेणाऱ्याला पक्कं बांधकाम करता येत नाही, त्यापुढे जायचं तर वरून मंजुरी लागते. म्हणजे ठराव झाला की इमारत गेली असं काही नाही, अजून बरीच दारं मध्ये आहेत. आणि ऐनवेळचा विषय हा अर्जंट कामासाठी असतो, वर्षानुवर्षं कुलूपबंद पडलेल्या इमारतीचं असं काय अर्जंट निघालं हे इतिवृत्ताची प्रत मागून विचाराच.

दुसरं म्हणजे जागा नक्की कुणाची ते बघा. सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मिळकत पत्रिका काढा. बऱ्याच गावांत इमारत पालिकेची पण खालची जमीन सरकारने ठराविक कामासाठी दिलेली असते, नाहीतर एखाद्या संस्थानिकाने किंवा शेटजींनी वाचनालयासाठी म्हणून बक्षीसपत्र करून दिलेली असते. तसं असेल तर हॉटेल हा वापर त्या अटीत बसतो का हा पहिला प्रश्न, आणि तो बिल्डरच्या वकिलाच्या आधी गावाला सुचलेला बरा.

आता द्यावी का न द्यावी. माझं मत सरळ सांगतो, कुलूप लावून ठेवण्यापेक्षा नीट अटींवर दिलेली परवडली. बंद इमारत फार लवकर बसते हो. कौलं सरकतात, पावसाचं पाणी आत झिरपतं, सागवानी तुळई भिंतीत जिथे घुसते ते टोक आधी कुजतं आणि ते बाहेरून दिसत पण नाही, भिंतीत पिंपळ उगवतो, मग एक दिवस इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट होऊन धोकादायक अशी पाटी लागते आणि ती पाटी लागली की पाडायला सगळे मोकळे. दुरुस्तीला पैसे नाहीत असं सीओ साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, म्हणतात ते बऱ्याचदा खरंही असतं.

पण देणं म्हणजे हॉटेललाच देणं असं कुणी ठरवलं? मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा, १८७२ ला लोकांसाठी उघडलेलं, महापालिकेच्या मालकीचं. त्याची अवस्था फार वाईट झाली होती. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा तिघांचा करार झाला, पैशात फाउंडेशनचा मोठा वाटा, तज्ज्ञ इन्टॅकचे, मालकी पालिकेचीच. २००५ मध्ये युनेस्कोचं आशिया-पॅसिफिकचं सर्वोच्च बक्षीस त्या कामाला मिळालं आणि २००८ मध्ये संग्रहालय परत उघडलं. आता प्रत्येक तालुक्याला बजाज मिळणार नाहीत हे मलाही कळतं, पण आपल्याच गावचे साखर कारखाने, पतसंस्था, बाहेर जाऊन मोठे झालेले लोक यांना कुणी एकदा तरी विचारलं का? थेट बिल्डरकडेच कसे गेले?

उलटं उदाहरण शिमल्याचं, आणि ते तुमच्या केसच्या जास्त जवळचं आहे. मॉल रोडवरचा टाउन हॉल, शंभरी ओलांडलेला, तिथल्या महापालिकेचा. सरकारी पैशाने दुरुस्त होऊन २०१८ मध्ये परत उघडला, नंतर पालिकेने त्यातली जागा खासगी कंपनीला फूड कोर्टसाठी दिली. लोक कोर्टात गेले, जानेवारी २०२४ मध्ये हिमाचल हायकोर्टाने फूड कोर्ट बंद करायला लावलं आणि सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. म्हणजे पालिकेचं भाडं गेलं, कंपनीचा फर्निचरवरचा खर्च गेला, सगळ्यांचा वेळ गेला. अशा वास्तूत कुठला वापर चालेल याची उत्तरं टेंडरच्या आधी शोधली असती तर ही वेळ आली नसती असं मला वाटतं.

म्हणून तुमच्या गावाने आत्ता करायचं काम एकच, बिल्डर काय करणार हे विचारायच्या आधी आपल्याला त्या इमारतीतून काय हवंय ते लिहून काढायचं. त्याला आधी विचारलंत तर तो पीपीटी दाखवणार, त्यात सोनेरी लाइट, दगडी भिंत आणि गोरी माणसं कॉफी पितायत. गावाला काय हवं? वाचनालय परत तळमजल्यावर हवं का, वरचं सभागृह वर्षातले ठराविक दिवस व्याख्यानमाला, गणपतीतले कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं यासाठी पालिकेच्या दराने मिळणार का, पुढचा चौथरा जिथे म्हातारी माणसं संध्याकाळी बसतात तो दोरी लावून बंद होणार का. हे टेंडरच्या कागदात असेल तर बोली लावणारा त्याचा हिशोब धरूनच आकडा टाकतो. नंतर मागायला गेलात तर ती विनंती होते आणि विनंतीला मॅनेजर नाही म्हणतो.

आणि सगळी इमारत द्यायचीच कशाला? एक मजला, एक बाजू द्या, बाकी स्वतःकडे ठेवा. भाडं कमी येईल पण रोज गावातला कुणीतरी आत ये-जा करत राहील, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसतं. माझ्या बघण्यात ज्या ठिकाणी पूर्ण चावी दिली गेली तिथे पाच-सात वर्षांनी गावातल्या माणसाला आत जायलाच अवघडल्यासारखं होतं, कुणी अडवत नाही पण चहा दीडशे रुपये.

करारात काय बघायचं? लोक भाड्याच्या आकड्यावर भांडतात, मी तो शेवटी वाचतो. आधी बघतो इमारत देताना कुठल्या अवस्थेत होती याची नोंद आहे का. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा, कलम १०८, त्यात आहे की भाडेकरूने जागा घेताना जशी होती तशा चांगल्या अवस्थेत ठेवायची, वापराची साधारण झीज सोडून. पण घेताना कशी होती हेच कुठे लिहिलेलं नसेल तर ३० वर्षांनी कोण कशाला सिद्ध करणार? घर भाड्याने देताना आपण पंखे, नळ मोजून लिहून घेतो ना, तसंच इथे मोजमापाचे नकाशे, प्रत्येक खोलीचे फोटो, लाकडी जिना, रंगीत काचा, जुनं घड्याळ, दरवाज्यांच्या कड्या सगळं परिशिष्ट म्हणून कराराला जोडायचं. जुन्या सागवानाला बाजारात काय भाव आहे ते सुताराला विचारा म्हणजे हे का म्हणतोय ते कळेल.

मग कामांची यादी आणि तारखा. आधी छप्पर, तुळया, पाण्याचा निचरा, आणि ते संवर्धनाचं काम कळणाऱ्या आर्किटेक्टने पास केल्याशिवाय धंदा सुरू करायचा नाही अशी अट. नाहीतर काय होतं, झुंबर, पीओपीचे झरोके आणि हेरिटेज लिहिलेली पितळी पाटी पहिल्या सहा महिन्यांत लागते आणि छप्पर पुढच्या उन्हाळ्यात करू, पुढच्या उन्हाळ्यात करू. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारायचं नाही हे तर ठळक अक्षरात लिहा. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, वरून सिमेंट थापलं की ओल आत अडकते, क्षार फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. स्वस्तातला कंत्राटदार सिमेंटच मारणार, कारण चुना मळायला माणसंही मिळत नाहीत आणि वेळही जातो.

प्रश्न : भाडेपट्टा, लीव्ह अँड लायसन्स आणि बीओटी यात फरक काय? आमचे नगरसेवक तिन्ही शब्द एकाच वाक्यात वापरतात.

वापरू देत, करार मात्र एकच असतो तेव्हा तो कुठला ते बघा. भाडेपट्ट्यात जागेतला हक्कच मुदतीपुरता समोरच्याकडे जातो आणि एक वर्षाच्या वरचा असेल तर तो रजिस्टर करावाच लागतो. लीव्ह अँड लायसन्समध्ये हक्क जात नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते, म्हणून कॅन्टीन, पुस्तकाचं दुकान, प्रदर्शनाची खोली याला तेच बरं. बीओटी म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा, ते मुळात रस्ते, पूल, व्यापारी संकुल असं नवीन बांधायच्या कामासाठी आलं. जुन्या इमारतीला बीओटी लावतायत असं ऐकलं की मी लगेच विचारतो, यातलं बांधा म्हणजे नक्की काय बांधणार? बहुतेक वेळा उत्तर मागच्या अंगणात निघतं, तिथे सात मजली काहीतरी उभं राहणार असतं आणि जुनी इमारत त्याचं रिसेप्शन.

प्रश्न : मी बोस्टनजवळ राहते, मूळ नाशिकची. इथलं क्विन्सी मार्केट शहराच्या मालकीचं आहे आणि डेव्हलपरला वर्षाला फक्त एका डॉलरने ९९ वर्षांसाठी दिलं असं टूर गाइडने सांगितलं. आपल्याकडे कुणी एक रुपयाने दिलं तर केवढा गहजब होईल! मग ते लोक मूर्ख की आपण उगाच संशयी?

गाइडने बरोबर सांगितलं. १८२६ ची ती मार्केटची इमारत, १९७० च्या आसपास तो सगळा भाग पडायला आला होता, शहराने राउस कंपनीला ९९ वर्षांच्या लीजवर दिली, वर्षाला एक डॉलर, आणि ऑगस्ट १९७६ मध्ये नवं मार्केट उघडलं. पण डॉलर हा फक्त नावाचा, खरा मोबदला म्हणजे कंपनीने दुरुस्तीत घालायचा पैसा आणि मालमत्ता कराच्या ऐवजी दुकानांच्या भाड्यातला शहराचा हिस्सा. मार्केट तुफान चाललं, पुढे कितीतरी शहरांनी कॉपी केली. आता तुम्ही तिथेच राहता तर सांगा, बोस्टनची माणसं तिथे खरेदीला जातात का? माझ्या माहितीत पर्यटकच जास्त, आणि बाहेरच्या चेन दुकानांनी जागा खाल्ल्या ही तक्रार तिथे जुनीच आहे. इमारत वाचली, बाजार मात्र गावाचा राहिला नाही असं म्हणणारे तिकडेही आहेत.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत ऐतिहासिक इमारत नियमाने दुरुस्त करून धंद्याला लावली तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते. शहर स्वतः कर भरतच नाही म्हणजे त्याला ती सवलत कामाची नाही, पण लांब मुदतीचा भाडेकरू ती घेऊ शकतो, म्हणून तिथे लीज लांबच्या लांब असतात. आपल्याकडे तशी सवलत नाही आणि तरी मुदत मात्र त्यांच्यासारखी मागतात, हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे एक रुपया सहज देताही येत नाही. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात कलम ७९ आहे, चालू बाजारभावाच्या खाली मोबदला घेऊन मालमत्ता द्यायची नाही. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, आणि दादरचा महापौर बंगला ठाकरे स्मारकासाठी वर्षाला १ रुपयाने ३० वर्षं देताना त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली होती. तेव्हा संशयी राहा, पण भाड्याच्या आकड्यावरून नका संशय घेऊ. वर्षाला पाच लाख भाडं आणि दुरुस्ती काहीच नाही, याच्यापेक्षा भाडं नाममात्र पण दोन वर्षांत अमुक कोटींचं काम आणि त्याची बँक गॅरंटी, हा सौदा गावाला चांगला असू शकतो.

अमेरिकेचंच दुसरं उदाहरण जास्त शिकवतं. वॉशिंग्टनचं ओल्ड पोस्ट ऑफिस, १८९९ ची इमारत, शहराची नव्हे तर केंद्र सरकारची. २०१३ मध्ये ट्रम्प यांच्या कंपनीला ६० वर्षांच्या लीजवर दिली, वर्षाला ३० लाख डॉलर मूळ भाडं आणि २० कोटी डॉलर खर्च करायचं कबूल. करारात कलम होतं की निवडून आलेल्या माणसाला या लीजचा फायदा मिळता कामा नये, आणि मग भाडेकरूच राष्ट्राध्यक्ष झाला, तरी सरकारी खात्याने २०१७ मध्ये म्हटलं की करार मोडलेला नाही. २०२२ मध्ये कंपनीने आपला लीजचा हक्क ३७.५ कोटी डॉलरला पुढे विकला. इमारत सरकारची, पण हक्क विकून मोठी रक्कम भाडेकरूने घेतली. हे आपल्याकडे पण होऊ शकतं, कारण मगाशी म्हटलं त्याच कलम १०८ मध्ये आहे की करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर भाडेकरू आपला हक्क पुढे देऊ शकतो, गहाण टाकू शकतो, पोटभाडेकरू ठेवू शकतो. म्हणजे करार गप्प असेल तर फायदा भाडेकरूचा. एक ओळ घालायची, पालिकेच्या लेखी परवानगीशिवाय हस्तांतर नाही आणि झालंच तर जास्तीच्या पैशातला इतका वाटा पालिकेचा.

प्रश्न : आमच्या शहरात महापालिकेची जुनी मंडई डेव्हलपरला द्यायचं चाललंय. माझा गाळा आजोबांपासूनचा, भाडं वेळेवर भरतो. मला कूळ कायद्याचं संरक्षण मिळेल ना?

दादा, तुम्ही भाडे नियंत्रण कायदा म्हणताय बहुतेक, कूळ कायदा शेतजमिनीचा. आणि वाईट बातमी अशी की १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या जागांना लागूच नाही. उलट महापालिकेकडे १९४९ च्या कायद्याचं कलम ८१-ब आहे, आपल्या जागेतून माणूस काढायचा अधिकार. तीन पिढ्या भाडं भरलं म्हणून आपोआप हक्क तयार होत नाही.

पण घाबरून सह्या करू नका. पावत्या, परवाने, जुन्या नोंदी सगळं एकत्र करा, एकेकट्याने डेव्हलपरच्या ऑफिसात जाऊ नका, गाळेधारकांची मिळून बैठक घ्या आणि मागणी टेंडर निघायच्या आधी आयुक्तांकडे लेखी द्या : सध्याच्या गाळेधारकांची यादी टेंडरला जोडा, काम चालू असताना पर्यायी जागा कुठे ते लिहा, परत येताना तळमजलाच मिळेल हे लिहा. भाजीवाल्याला वरच्या मजल्यावर टाकलं की गिऱ्हाईक जिना चढत नाही, हे डेव्हलपरला पण माहीत असतं बरं का. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची, तिथेही डेव्हलपरला द्यायचा घाट घातला होता, त्याला खूप विरोध झाला आणि शेवटी पालिकेनेच टप्प्याटप्प्याने दुरुस्ती हाती घेतली. बाजार चालू ठेवून दुरुस्ती होते, वेळ लागतो एवढंच.

प्रश्न : सर, मी ३१ वर्षांचा आहे, हॉटेल मॅनेजमेंट केलंय, घरचे पैसे लावायला तयार आहेत. आमच्या इथल्या नगरपरिषदेचा जुना बंगला लीजवर मिळतोय. सगळे बिल्डर, हॉटेलवाल्यांना शिव्या घालतात, पण माझ्यासारख्याने काय काळजी घ्यावी ते पण सांगा ना.

सांगतो, तुमच्यासारखे नसतील तर या इमारती वाचायच्या नाहीत. आधी स्वतःच्या पैशाने स्ट्रक्चरल इंजिनियर आणि संवर्धनवाला आर्किटेक्ट दोघांना एका पावसाळ्यात इमारत दाखवा. उन्हाळ्यात सगळ्याच इमारती सुंदर दिसतात. अंदाजपत्रक येईल त्यात भरपूर वर धरा, कारण जुन्या इमारतीत फरशी उचलली की खाली काय निघेल सांगता येत नाही.

मग यादीत नाव आहे का बघा. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असेल तर हॉटेलचा विषयच सोडा, आणि शेजारी तसं स्मारक असेल तरी त्याच्या १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. म्हणजे मागच्या अंगणात चार खोल्या बांधू हा बेत तिथेच संपतो. शहराच्या हेरिटेज यादीत असेल तर ग्रेड कुठली त्यावर आतले बदल किती करता येतील ते ठरतं.

धंद्याच्या बाजूने तीन ठिकाणी माणूस अडकतो : किचनचा धूर कुठून काढणार, संडास-बाथरूमच्या लाइनी जुन्या भिंती न फोडता कशा नेणार, आणि फायरवाले दुसरा जिना मागणार तो कुठे बसवणार. या तिन्हीची उत्तरं कागदावर मिळाल्याशिवाय अनामत भरू नका.

मुदतीचा हिशोब दोन बाजूंनी करा. बँकेचं कर्ज फिटून वर काही वर्षं कमाईची राहिली पाहिजेत, आणि जागा पालिकेची असल्याने बँक काय तारण धरणार ते कर्ज मंजूर व्हायच्या आधी पालिकेकडून लेखी घ्या. दुसरं मुद्रांक शुल्क. महाराष्ट्रात भाडेपट्ट्याची मुदत १० वर्षांच्या वर आणि २९ पर्यंत असेल तर बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर खरेदीखतासारखं शुल्क लागतं, २९ च्या वर गेली की ९० टक्क्यांवर. वाढवून घ्यायचा पर्याय करारात असेल तर ती मुदतही धरली जाते. म्हणून मोठमोठे करार २९ वर्षांचे दिसतात तुम्हाला. वर ज्यांनी ३० वर्षांचं लिहिलंय त्यांच्या बिल्डरला हे कुणी सांगितलं नसावं, किंवा तो आकडा नुसताच सभेत ओरडून सांगायचा असावा.

आणि निवडणुका. सत्ता बदलली की नवीन लोक जुन्या करारात खोट काढणारच, तेव्हा टेंडर उघड निघालेलं, वरची मंजुरी फाइलला लागलेली आणि करार रजिस्टर झालेला असू द्या. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात जाहिरात न देता, मर्जीने दिलेली सरकारी जमीन रद्द केली होती. मागच्या दाराने मिळालेली इमारत स्वस्त वाटते पण तिच्यावर घातलेला पैसा कायम टांगणीला असतो.

प्रश्न : मागे किल्ले भाड्याने देणार म्हणून केवढं रान उठलं होतं. ते आणि हे एकच का?

नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये २५ किल्ले पर्यटन महामंडळातर्फे हॉटेल, लग्नसमारंभ अशा वापराला देण्याची बातमी आली, लोक भडकले, मग सरकारने सांगितलं की छत्रपतींच्या इतिहासाशी जोडलेल्या संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही. ती मालमत्ता राज्याची, निर्णय मंत्रालयात. नगरपरिषदेच्या इमारतीचा ठराव तुमच्या वॉर्डातल्या माणसाच्या हातात असतो, त्याला रस्त्यात गाठता येतं. राज्याच्या स्मारकांसाठी महाराष्ट्र वैभव नावाची संगोपन योजना आहे, नळदुर्गचा किल्ला त्यातून २०१४ च्या सुमारास सोलापूरच्या एका कंपनीकडे दिला गेला, तिथे स्वच्छता, बाग, बोटिंग झालं आणि माणसांची गर्दी वाढली. ते चांगलं की वाईट यावर इतिहासवाले आणि सहलवाले यांचं कधी जमणार नाही, एकदा त्या किल्ल्यातला पाणी महाल बघून या आणि ठरवा.

प्रश्न : विरोध करायचाय पण कोर्टात जायची ऐपत नाही. काय करू?

माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज टाका, ठराव, टेंडरचा मसुदा, मूल्यांकन अहवाल आणि इमारतीचं ऑडिट मागा. व्यावसायिक गुपित आहे असं उत्तर येईल, तरी अपील करा, सार्वजनिक हित मोठं असेल तर ती माहिती द्यावी लागते. नगरपरिषद असेल तर १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते, त्यांच्याकडे लेखी तक्रार करा, महापालिका असेल तर तसा अधिकार १९४९ च्या कायद्याच्या कलम ४५१ मध्ये राज्य सरकारला आहे. नुसतं विरोध असं लिहू नका, कुठली अट नाही आणि कुठली हवी ते लिहा. उपोषणाच्या मंडपापेक्षा दोन पानी मुद्देसूद अर्जाला अधिकारी जास्त दचकतात, कारण तो फाइलला लागतो.

प्रश्न : मुदत संपल्यावर इमारत खरंच कुणी परत देतं का हो?

आपोआप देत नाही, मागून घ्यावी लागते. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, २११ एकर, जमीन राज्य सरकारची आणि महापालिकेची, त्याचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि नवीन काय करायचं याचा निर्णय व्हायला २०२४ उजाडलं, तोवर घोडे धावतच होते. एवढ्या मोठ्या जागेचं असं तर तालुक्याच्या बंगल्याचं काय. यात एक बारीक खाच आहे ती कारकुनापर्यंत पोचायला हवी : मुदत संपल्यावर भाडेकरू तिथेच बसला आणि मालकाने काही न बोलता त्याचं भाडं घेतलं, तर त्याच १८८२ च्या कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे भाडेपट्टा पुढे चालू राहिल्यासारखा धरला जाऊ शकतो. म्हणून मुदत संपायच्या दोन वर्षं आधी संयुक्त पाहणी, एक वर्ष आधी नोटीस आणि रोज इतका दंड हे करारातच असू द्या, आणि शेवटच्या तारखेनंतर आलेला चेक कॅशियरने जमा न करता मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर न्यायचा असा ऑफिस ऑर्डर काढून ठेवा.